उन्हाळ्यात आजी-आजोबा आणि मुलांसह लास व्हेगस: आखणी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

भारतातून आई-वडील अमेरिकेत आले आणि मुलांच्या शाळांना सुटी लागली, की जून ते ऑगस्टमध्ये लास व्हेगस आणि ग्रँड कॅन्यनचा बेत ठरतोच. तो बिघडतोही दरवर्षी एकाच पद्धतीने. सावकाश नाश्ता करून दहा-साडेदहाला बाहेर पडायचं, दुपारी दोनला हूव्हर धरणावर उभं राहायचं, पाचला डोकं धरून खोलीत परतायचं आणि जी संध्याकाळ बघायला आलो ती झोपून काढायची.

"आमच्या नागपूरला पंचेचाळीस असतं, आम्हाला काय ऊन लागणार" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कुणी स्थळं बघत हिंडत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलर चालू करून सगळे घरात असतात. व्हेगसमध्येही तेच करायचं आहे. आधी दिवसाचे तास ठरवा आणि मग त्या तासांत बसतील तेवढीच ठिकाणं घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

## पायरी १: तारखा आणि रोजचा साचा ठरवा

जुलैत इथलं सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ४३-४४ अंशांचे दिवसही नेहमीचे. ७ जुलै २०२४ रोजी १२० फॅरनहाइट, म्हणजे ४८.९ अंश सेल्सियस नोंदलं गेलं, तो शहराचा उच्चांक. निवडीला वाव असेल तर जूनचा पहिला पंधरवडा घ्या. जुलैच्या मध्यापासून पावसाळी वादळं सुरू होतात आणि कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात.

आठवड्यातले दिवस रविवार ते गुरुवार धरा. शुक्रवार-शनिवारी खोल्या महाग आणि रस्ते तुंबलेले असतात. ४ जुलैचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा, असे दोन्ही लांब शनिवार-रविवार टाळा.

दिवसाचा साचा असा:

- पहाटे ५:३० ते ९:३०: शहराबाहेरचं, उघड्यावरचं सगळं याच वेळात.
- १० ते ११: नाश्ता किंवा लवकरचं जेवण.
- ११ ते ६: छपराखाली. यातले किमान दोन तास झोप, आजी-आजोबांनाही आणि मुलांनाही.
- ६ ते ७:३०: तलाव उघडा असेल तर तलाव, मग आंघोळ, जेवण.
- ८ नंतर: स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर फेरफटका. रस्त्यावर दिवे लागलेले असतात आणि डोक्यावर ऊन नसतं.

बाराच्या ठोक्याला ऊन कडक आणि चारला उतरायला लागतं, हा अंदाज इथे चुकतो. सर्वात जास्त तापमान दुपारी तीन ते पाचमध्ये असतं. उन्हाळ्यात सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही ३७-३८ अंश असू शकतात. म्हणून "चारला निघू" हा बेत "बाराला निघू"पेक्षा वाईट ठरतो.

तपासा: तुमच्या यादीत एका दिवसात उघड्यावरची दोन ठिकाणं आहेत का? असतील तर एक काढा.

## पायरी २: खोली घेताना दराखालचं वाचा

स्ट्रिपवरच्या बहुतेक हॉटेलांत खोलीच्या भाड्यावर रोजचं 'रिसॉर्ट फी' लागतं. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत ते रात्रीला ४० ते ५५ डॉलर आणि वर कर. मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने सक्तीची सगळी शुल्कं धरूनच दर दाखवावा लागतो, त्यामुळे आता फसगत कमी होते. पण गाडी उभी करण्याचे पैसे त्या आकड्यात नसतात. ते रोजचे वेगळे धरा.

खोली ताब्यात देताना हॉटेल कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे काही दिवस अडकतात. क्रेडिट कार्डच द्या.

आपल्या घरांच्या दृष्टीने चार गोष्टी आधीच विचारून घ्या.

फ्रिज. बऱ्याच हॉटेलांत खोलीतला फ्रिज म्हणजे विक्रीचा मिनीबार. आतली बाटली जागेवरून हलली की संवेदक ती खपली असं धरतो आणि पैसे लागतात. त्यात दही किंवा मुलांचं दूध ठेवायला जागा करू नका. इन्सुलिनसाठी वेगळा फ्रिज मागता येतो, तो बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

स्वयंपाक. साध्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि किटली बहुधा नसते. इंडक्शन किंवा कुकर नेऊन खोलीत फोडणी करू नका. धुराची घंटा वाजते आणि दंडही बसतो. घरचं जेवण लागणारच असेल तर छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. एमजीएम ग्रँडला जोडून असलेल्या सिग्नेचरमध्ये तशी सोय आहे.

धूर. कसिनोच्या तळमजल्यावर सिगारेट ओढायला परवानगी असते आणि लिफ्टपर्यंतची वाट बहुतेक ठिकाणी तिथूनच जाते. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर व्हडारा किंवा सिग्नेचर बघा, तिथे कसिनो नाही आणि धूम्रपानही नाही. पार्क एमजीएममध्ये कसिनो आहे, पण धूम्रपानाला बंदी आहे.

लिफ्टपासूनचं अंतर. इथल्या मजल्यांवरच्या वाटा फार लांब असतात. आजींचे गुडघे दुखत असतील तर "लिफ्टजवळची खोली" असं स्पष्ट सांगा.

सावध: २१ वर्षांखालच्यांना कसिनोच्या मजल्यावरून चालत जाता येतं, थांबता येत नाही. मशीनशेजारी मुलाला उभं करून फोटो काढायला गेलात की सुरक्षारक्षक हटकणारच.

## पायरी ३: औषधं, कागदपत्रं, सामान

ही तयारी निघण्याच्या दोन आठवडे आधी करा, कारण पहिलं काम डॉक्टरांशी बोलण्याचं आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर उन्हात किती पाणी प्यायचं आणि ओआरएस घ्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अशा माणसांना सरसकट लागू नाही. आई-वडिलांच्या प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे, तेही तेव्हाच वाचा.

ओआरएस भारतातून आणलं असेल तर पाकिटावरचं प्रमाण बघा. २१-२२ ग्रॅमचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतण्याची चूक फार घरांत होते. ते द्रावण जास्त खारट होतं, तहान वाढवतं आणि लहान मुलांना अपायकारक ठरू शकतं.

चालू असलेलं इन्सुलिन ३० अंशांखाली राहायला हवं. बर्फाच्या पिशवीला थेट टेकवूही नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. साखर तपासायच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात आणि चुकीचे आकडे दाखवतात. गाडीत काहीच ठेवायचं नाही, हातातल्या पिशवीत ठेवायचं.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि फिक्या रंगाचे. रुंद कडेची टोपी, मानेवर ओला करून टाकायला उपरणं किंवा ओढणी, बंद बूट. त्याच्यासोबत एक शाल किंवा स्वेटर प्रत्येकाला हवाच. बाहेर ४३ आणि आत २१ अंश, अशी ये-जा दिवसातून आठ-दहा वेळा होते आणि ज्येष्ठांना त्याचाच जास्त त्रास होतो. पोहण्यासाठी खरा पोहण्याचाच पोशाख घ्या. सुती टी-शर्ट किंवा सलवार-कमीज घालून तलावात उतरू देत नाहीत. लंगोटातल्या बाळाला पोहण्याचे वेगळे डायपर लागतात.

आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. देशांतर्गत विमानात ओळखपत्र म्हणून तेच चालतात.

## पायरी ४: गाडीची तयारी

विमानाने गेलात तर लास व्हेगसच्या हॅरी रीड विमानतळावर भाड्याच्या गाड्या टर्मिनलमध्ये मिळत नाहीत. त्यांचं केंद्र सुमारे ५ किलोमीटरवर आहे आणि तिथे जायला मोफत बस असते. सामान, प्रॅम आणि ज्येष्ठ मंडळी धरून विमानातून उतरल्यापासून गाडी हातात येईपर्यंत दीड तास धरा. सगळ्यांनी रांगेत उभं राहायची गरज नाही. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी पुढे जावं, बाकीच्यांनी आत बसावं.

गाडी ताब्यात घेताना क्रम हा:

१. इंजिन चालू करून एसी पूर्ण सोडा आणि पाच मिनिटं मागच्या सीटवर बसून बघा. पुढे गार आणि मागे कोमट, ही तक्रार मोठ्या गाड्यांत नेहमीची असते, आणि मागे नेमके आजी-आजोबा किंवा मुलं बसणार असतात.
२. चारही टायरांच्या कडांवर भेगा आहेत का बघा.
३. डिकीत सुटं चाक आहे का बघा. अनेक नव्या गाड्यांत ते नसतं, नुसतं हवा भरायचं यंत्र असतं.
४. मुलांचं आसन बसवा. नेव्हाडात ६ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला आसन सक्तीचं आहे, २ वर्षांखालच्याला मागे तोंड करून.

लॉस एंजेलिसहून स्वतःच्या गाडीने येत असाल तर अंतर सुमारे ४३५ किलोमीटर. पहाटे पाचपर्यंत घर सोडा, म्हणजे वाटेतल्या बेकर गावाजवळचा चढ ऊन चढण्याआधी पार होतो. टायरमधली हवा निघण्याआधी, गाडी थंड असताना तपासा. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. प्रवासात टायर तापून दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर तो कमी पडतो आणि कमी हवेचाच टायर उन्हात फुटतो. बॅटरीला तीन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी तपासून घ्या.

चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, खिडक्या उघडा आणि जागा मिळताच बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका.

सावध: गाडी वाळवंटात बंद पडली तर मदतीसाठी पायी निघू नका. रस्त्यालगतचा मैलांचा आकडा वाचून ९११ला फोन करा, बॉनेट उघडं ठेवा आणि गाडीच्या सावलीत थांबा. बसायला खाली काहीतरी अंथरा. उन्हातल्या डांबराचं तापमान ६५ अंशांच्या वर जातं आणि नुसत्या टेकण्यानेही भाजतं.

गाडीत कायम असावं: माणशी ४ लिटर पाणी, एक चादर, काचेला लावायचा चांदीच्या रंगाचा उन्हाचा पडदा, हातमोजे किंवा जुना टॉवेल (स्टिअरिंग आणि पट्ट्याचं बक्कल चटका देतं). गाडीत कधीच नसावं: पॉवर बँक, लायटर, दाबाने भरलेले फवारे, सोड्याचे डबे, औषधं. आणि मूल, एक मिनिटही. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान ११ अंशांनी चढतं. "एसी चालू ठेवून फक्त पाणी आणते" हेही नाही.

## पायरी ५: पोहोचल्यावरचे पहिले तीन तास

हॉटेलच्या आधी किराणा दुकान गाठा. स्ट्रिपवर पाण्याची एक बाटली चार-पाच डॉलरला पडते. बाहेरच्या दुकानात तेवढ्यात मोठा खोका येतो. पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी महाग असलं की आजी-आजोबा ते मागतच नाहीत.

खरेदी: पाण्याचे खोके, बर्फाची साधी पेटी, दही, केळी, कलिंगड, खारे बिस्किट, ब्रेड. दह्याचं पातळ ताक मीठ-जिरं घालून बाटल्यांत भरलंत तर घरातली सगळी माणसं ते आनंदाने पितात. कोकम आगळ सोबत आणलं असेल तर फारच चांगलं. गोड सोडा आणि कॉफीवर दिवस काढू नका.

जेवणाचं थोडक्यात: भारतीय उपाहारगृहं आणि किराणा दुकानं शहरात आहेत, उपासमार होत नाही. शाकाहारी मंडळींनी मेक्सिकन पदार्थांतल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं सूप असतं का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावं.

पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर दिसायच्या आधीच उडून जातो. मुंबई-कोकणातल्या माणसाला घाम दिसला नाही की आपण तापलोच नाही असं वाटतं. शरीरातलं पाणी मात्र तेवढंच गेलेलं असतं.

तपासा: झोपण्याआधी प्रत्येकाने लघवीचा रंग बघावा. फिका पिवळा ठीक. गडद असेल, किंवा सहा तासांत एकदाही झाली नसेल, तर दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा बेत रद्द करा. सहा महिन्यांखालच्या बाळाला नुसतं पाणी देऊ नका, अंगावरचं किंवा बाटलीचं दूध जास्त वेळा द्या.

## पायरी ६: शहरातला दिवस

स्ट्रिप म्हणजे सुमारे ७ किलोमीटरचा सरळ रस्ता. इमारती इतक्या मोठ्या आहेत की पुढचं हॉटेल पाच मिनिटांवर वाटतं आणि चालायला पंचवीस लागतात. नकाशातलं अंतरही पुरतं खरं नसतं, कारण रस्ता ओलांडायला पूल चढावे लागतात आणि हॉटेलच्या दारापासून आतल्या ठिकाणापर्यंत आणखी चालणं असतं. दिवसा एका वेळी एकच हॉटेल किंवा आतून जोडलेली दोन हॉटेलं, याहून जास्त घेऊ नका.

चालणं वाचवायला तीन साधनं आहेत. मँडले बे, लक्झर आणि एक्सकॅलिबर यांना जोडणारी मोफत ट्रॅम, तशीच पार्क एमजीएम, आरिया आणि बेलाजिओची. दुसरं, एमजीएम ग्रँड ते सहारा अशी सात थांब्यांची मोनोरेल. तिचे थांबे हॉटेलांच्या मागच्या अंगाला असल्याने तिथवर जायलाही सात-आठ मिनिटं लागतात. तिसरं, ड्यूस नावाची दुमजली बस. ती चोवीस तास चालते, पण थांब्यावर उन्हात उभं राहावं लागतं, म्हणून ती रात्रीसाठी ठेवा.

दुपारच्या तासांत बसणारी ठिकाणं: मँडले बेमधलं शार्क रीफ मत्स्यालय, सर्कस सर्कसमधलं छताखालचं अॅडव्हेंचरडोम, बेलाजिओचं फुलांचं दालन (मोफत), लहान मुलांसाठी डिस्कव्हरी चिल्ड्रन्स म्युझियम. हाय रोलर हा १६७ मीटर उंचीचा पाळणा वातानुकूलित आहे आणि एका फेरीला अर्धा तास लागतो, पण तो सूर्यास्तानंतरच घ्या. बेलाजिओची कारंजी रात्री दर पंधरा मिनिटांनी होतात. दुपारच्या फेऱ्या बघायला उन्हात थांबण्यात अर्थ नाही. जुन्या शहरातल्या फ्रीमाँट स्ट्रीटला मुलांना न्यायचं तर अंधार पडल्यापडल्या जाऊन परता. उशिरा तिथे अर्धनग्न कलाकार आणि दारूची गर्दी असते.

जुन्या याद्यांवर विसंबू नका. मिराज हॉटेल जुलै २०२४ मध्ये बंद झालं आणि त्याच्यासोबत तिथला मोफत ज्वालामुखीही गेला. तरी लोक अजून तो शोधत फिरतात.

तलावाचं वेळापत्रक लोकांना सर्वात जास्त चकवतं. रात्री गारव्यात पोहू असं ठरवतात आणि तलाव संध्याकाळी सहा-सातलाच बंद झालेला असतो. खोली घेताना वेळ विचारा. सकाळी उघडल्यापासून साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी शेवटचा तास, एवढंच पाण्यात. सनस्क्रीन उतरण्याआधी वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सावळ्या त्वचेलाही ती लागते. चपला पाण्याच्या अगदी काठापर्यंत घालून जा, कडेच्या फरशीवर पाऊल पोळतं. मँडले बेच्या लाटांच्या तलावात ४८ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना सोडत नाहीत, हे मुलाला कबूल करण्याआधी मोजून घ्या.

सावध: बाळाच्या प्रॅमवर ऊन लागू नये म्हणून चादर झाकू नका. आतली हवा कोंडून बाहेरपेक्षाही तापते. छत्री लावा आणि हवा खेळती ठेवा.

## पायरी ७: शहराबाहेरची एक मोठी फेरी

चार रात्रींच्या सहलीत मोठी फेरी एकच, आणि ती मधल्या दिवशी. पहिल्या दिवशी शरीर सरावलेलं नसतं. शेवटच्या दिवशी परतीची घाई असते.

रेड रॉक कॅन्यन सर्वात सोपं. स्ट्रिपपासून अर्ध्या तासावर, २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता, गाडीत बसून बघता येतो. रस्ता सकाळी ६ला उघडतो. ऑक्टोबर ते मे या काळात आगाऊ वेळ घ्यावी लागते, उन्हाळ्यात लागत नाही. साडेआठला तिथून परत निघा.

हूव्हर धरण पाऊण तासावर, २२१ मीटर उंच. आधी वरचा भाग आणि पूल सकाळीच बघा, मग आतल्या गार भागाचा फेरफटका. बहुतेक लोक उलटा क्रम लावतात आणि ऐन दुपारी उघड्या पुलावर सापडतात.

व्हॅली ऑफ फायर सुंदर आहे, पण अलीकडच्या उन्हाळ्यांत फायर वेव्ह आणि व्हाइट डोम्ससह अनेक पायवाटा १५ मे ते ३० सप्टेंबर बंद ठेवल्या जातात. फोटो बघून त्याच जागेसाठी जाणार असाल तर हिवाळ्यात या. आत पेट्रोल मिळत नाही.

माउंट चार्ल्सटन अनेकांच्या यादीत नसतं आणि ज्येष्ठांसाठी तेच सर्वात बरं. तासाभरात पाइनच्या जंगलात पोहोचता आणि तापमान शहरापेक्षा १०-१२ अंशांनी कमी असतं. पायवाटा चालू आहेत का ते आदल्या दिवशी बघा.

ग्रँड कॅन्यनबद्दल सर्वात मोठा गोंधळ आहे, तो नीट सोडवा. व्हेगसहून अडीच तासांवर असलेला 'वेस्ट' आणि साडेचार तासांवरचा 'साउथ रिम' ही वेगळी ठिकाणं आहेत. वेस्ट हा हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीचा प्रदेश. काचेचा स्कायवॉक तिथेच आहे आणि राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. उन्हाळ्यात तिथे चांगलंच तापतं. चित्रांतून डोळ्यांसमोर असलेली ती अथांग दरी हवी असेल तर साउथ रिमला जा. तो सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, जुलैतही दुपार तिशीच्या आत राहते, कड्यावरची वाट बरीचशी फरसबंद आहे आणि मोफत बस फिरते. तिथे जायचं तर टुसायन किंवा विल्यम्स या गावांत एक रात्र राहा. एका दिवसात ९०० किलोमीटर गाडी चालवून ज्येष्ठांना नेऊन आणणं हा बेत मनातून काढून टाका.

साउथ रिमला तीन गोष्टी पाळा. कड्याखाली उतरू नका, आत उतरावं तसं तापमान वाढत जातं आणि परतीची सगळी चढण दुपारी येते. ढग गडगडले की कड्यावरून गाडीत या. आणि उंचीमुळे आजोबांना धाप लागली तर बसवा, चालण्याचा हट्ट नको.

प्रवेशशुल्काबद्दल: जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस यांसारख्या ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरील पाहुण्यांकडून माणशी १०० डॉलर जास्तीचे घेतले जातात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना हे लागू होतं. निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत पानावर त्या वेळचा नियम आणि वार्षिक पासाचा हिशोब बघा.

घड्याळाचं एक ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात ॲरिझोना आणि नेव्हाडाची वेळ एकच असते. झायनसाठी युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं आणि ठरवलेली वेळ चुकते.

सावध: "वाटेतच आहे" म्हणून डेथ व्हॅली घेऊ नका. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश नोंदले गेले. फोन लागत नाही, गाड्या तापून थांबतात. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जाण्यासारखं काही नाही.

## पायरी ८: ऊन लागलं तर

डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, चिडचिड, थकवा ही पहिली लक्षणं. लगेच गार जागेत न्या, कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं फिरवून वारा घाला, घोट-घोट ओआरएस किंवा ताक द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. बरं वाटलं तरी त्या दिवसाचं बाहेरचं सगळं रद्द.

बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, झटका आला, शुद्ध हरपली, किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. क्रम असा:

१. ९११ला फोन.
२. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, अंग पाण्याने भिजवायचं. बर्फ मान, काखा आणि जांघांत ठेवायचा.
३. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.
४. पॅरासिटामॉल द्यायचं नाही. या तापावर त्याचा उपयोग होत नाही.

खिशात कांदा ठेवण्याची सवय असेल तर ठेवा, पण त्यावर विसंबून पाणी आणि सावली यांत सूट घेऊ नका. ज्येष्ठांना तहान कमी लागते, म्हणून त्यांना विचारू नका, दर वीस मिनिटांनी बाटली हातात द्या.

## पायरी ९: परतीचा दिवस

कॅलिफोर्नियाकडे रविवारी दुपारी निघू नका. आय-१५ हा महामार्ग तासन्‌तास तुंबतो आणि ती रांग भर उन्हात असते. सोमवारी पहाटे निघा. तेवढं जमत नसेल तर रविवारी सकाळी सहाच्या आत. राज्याच्या सीमेवर शेतमालाची तपासणी असते. उरलेली फळं आधीच संपवा, विशेषतः आंबे आणि संत्री, नाहीतर ती तिथेच ठेवून घेतात.

विमानाने परतणाऱ्यांनी दुपारचं उड्डाण घेऊ नये. तापलेल्या हवेत दुपारी विमान खूप हलतं आणि मुलांना उलट्या होतात. सकाळी नऊच्या आतलं घ्या. गाडी परत करण्याआधी पेट्रोल आदल्या रात्री भरून ठेवा. फ्रिजमधलं इन्सुलिन, मुलाच्या आसनाचे पट्टे आणि दाराच्या खणातले चष्मे, या तीन जागा खोलीची आणि गाडीची किल्ली देण्याआधी हाताने चाचपून बघा.